घेऊ का?

ताईने पुदिन्याचं एक पान तोडलं आणि तोंडात टाकलं, एवढंच तर झालं होतं.

पण त्या लांबलचक काचघरातले सगळे हात एकदम थांबले. झारी धरलेला थांबला, ट्रेमध्ये माती भरणारा थांबला, चाकाच्या खुर्चीतल्या मावशींनी तर "अगं बाई!" म्हणून तोंडावर हातच घेतला. बाहेर रिपरिप पाऊस होता, तो तेवढा आपला काचांवर वाजत राहिला. पान अर्धवट चावलेलं... गिळावं की थुंकावं, ताईला कळेना.

"विचारलं नाही," कुणीतरी हळूच म्हणालं.

"हिने विचारलंच नाही!" दुसऱ्याने ते मोठ्यांदा सगळ्यांना सांगितलं.

मांडणीमागून तिचा धाकटा भाऊ पुढे आला. त्याला घरात आणि दारात सगळे राजे म्हणायचे. आईने लाडाने ठेवलेलं नाव, ते चिकटलं. तिशीच्या घरातलं वय, बुटकी गुबगुबीत मूर्ती, जरासे तिरपे डोळे. डाऊन सिंड्रोम घेऊनच जन्मलेला. मात्र एकेरीत कुणी बोललं की राजेंचा पारा चढायचा, तेव्हा आपणही त्यांच्याबद्दल मानानेच बोललेलं बरं.

"ताई," राजे मान खाली घालून म्हणाले, "तू माझी अब्रू घालवलीस."

आणि राजेंच्या मागून तो आला. कोपरापर्यंत माती, कमरेला कात्री, ओठांवर दाबून धरलेलं हसू. तिथला माळी.

"आमच्याकडे एक पद्धत आहे," तो म्हणाला. "रोपाखाली हात धरायचा. 'घेऊ का?' असं विचारायचं. एक श्वास थांबायचं. मग कात्री."

"आणि रोप काय म्हणतं?" ताईने विचारलं. पान गिळलं होतं एव्हाना.

"ते ज्याचं त्याने ऐकायचं."

"मला तर बाई काहीच ऐकू आलं नाही."

"तुम्ही विचारलंत कुठे?" माळी म्हणाला. तो तिच्याकडे इतका सरळ बघत होता की ताईला उगाचच ओढणी सारखी करावी लागली.

ती जागा म्हणजे एक संस्था होती. पुदिना, गवती चहा, ओवा, रोझमेरी असला वासाचा पाला वाढवायचा, जुड्या बांधून हॉटेलांना आणि दुकानांना द्यायचा. धंदा होता, पण त्यातून कुणी श्रीमंत व्हायचं नव्हतं. येईल तो पैसा तिथे राबणाऱ्यांच्या पगारात जायचा, आणि राबणारे सगळे राजेंसारखे, ज्यांना बाकीच्या जगाने "नको, तुम्हाला नाही जमणार" म्हणून दारातून परत पाठवलेलं. 'घेऊ का?' ही पद्धत माळ्याने आणली. आधी कात्री हातात आली की सगळे सुटायचे, रोपं पार बोडकी करून टाकायचे. विचारायला लावल्यापासून हात थांबायला लागला, डोळा बघायला लागला, आणि काडी पेराच्या वर, नवा फुटवा येईल अशी, नेमकी कापली जायला लागली. रोपांचं उत्तर ऐकू येणं मात्र माळ्याने शिकवलेलं नव्हतं. ते त्या मंडळींनी आपलं आपण सुरू केलं.

राजेंना इथे कामाला लागून फार दिवस झाले नव्हते. आई गेली, घरमालकाने खोली सोडायला लावली, आणि दोघं बहीणभाऊ नव्या खोलीत आले, तेव्हा राजेंनी अन्नच सोडलं होतं. बूट घालून, मांडीवर पिशवी घेऊन दाराशी बसायचे. "घरी जाऊ," एवढंच म्हणायचे. झोपेतल्या फिट तेव्हापासून वाढल्या. कधी येतील त्याचा नेम नाही. आली की कुशीवर वळवायचं, धरून ठेवायचं, थुंकी पुसायची. म्हणून ताईची झोप मांजरीची झाली होती. ती दिवसभर पडद्यांच्या दुकानात शिलाई करायची आणि मनातल्या मनात भावाला धरून बसलेली असायची. मग ही संस्था सापडली आणि राजे पुन्हा जेवायला लागले, भांडायला लागले, दुसऱ्यांवर रुबाब करायला लागले. ताईला आणखी काय हवं होतं? काही नाही. निदान त्या पावसाच्या संध्याकाळपर्यंत तिची तशी समजूत होती.

त्यानंतर पडद्यांच्या दुकानातून निघायला तिला उशीर होईनासा झाला.

"आज लवकर?" माळी विचारायचा.

"काम नव्हतं फारसं."

"कालही नव्हतं."

"लोकांनी पडदे लावणं सोडलंय हो हल्ली. सगळं उघड्यावर चाललंय."

तो हसायचा. हसताना मान वळवून कुंड्यांकडे बघायचा... जणू रोपांनीही ऐकलं का ते तपासत होता. एकदा त्याने सरळच सांगून टाकलं, "एक अडचण आहे. इथे सगळे तुम्हाला ताई म्हणतात."

"मग तुम्हीही म्हणा."

"मुळीच नाही म्हणणार." तो एवढ्या ठासून म्हणाला की झारी हिंदकळली. "आधीच मला सगळे दादा म्हणतात. त्यात तुम्ही ताई. म्हणजे आपलं काही खरंच नाही."

ताईच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "मग काय म्हणाल?" तिने विचारलं आणि लगेच जीभ चावली.

"बघतो. सुचलं की विचारून मगच घेतो."

असं ते चाललं होतं. तो तिची छत्री घेताना विचारायचा, "घेऊ का?" पिशवी घेताना, "घेऊ का?" तीही मग एक श्वास मुद्दाम लांबवायची, त्याला ताटकळत ठेवायची. त्या एका श्वासात काय काय असायचं, देव जाणे. तिला आयुष्यात कधी कुणी काही विचारलं नव्हतं हो. आई आजारी पडली तेव्हा शिक्षण सोडशील का, असं कुणी विचारलं नाही. भावाला सांभाळशील का, तेही नाही. सगळं तिच्या अंगावर येत गेलं आणि ती उचलत गेली. आणि इथे एक माणूस साध्या पिशवीसाठी थांबत होता.

एका दुपारी वाऱ्याने सावलीची हिरवी जाळी फाटली. ताई रजा टाकून सुई-दोरा घेऊन आली. जमिनीवर फतकल मारून ती टाके घालत होती आणि माळी समोर जाळी ताणून धरून बसला होता. राजे देखरेखीला. त्यांच्या शेजारी चिमणी. ही जुड्यांना रबर लावणारी, राजेंच्याच वयाची पण बारकीशी मुलगी, ऐकायला कमी यायचं, बोलायची त्याहून कमी. राजे तिला एकेक रबर मोजून द्यायचे, आणि सगळे रबर संपले की ती स्वतःच्या मनगटावरचा एक काढून राजेंच्या बोटात घालायची. मग राजे दिवसभर ते बोट वर करून फिरायचे.

"लग्न करणार तिच्याशी?" ताईने गमतीने विचारलं.

"विचारलंय," राजे गंभीरपणे म्हणाले. "श्वास घेतेय ती."

माळी खो खो हसला, जाळी सुटली, आणि सुई ताईच्या बोटात गेली. रक्ताचा टिपूस आला. माळ्याचं हसू थांबलं. त्याने हात पुढे केला, तिच्या हाताच्या खाली धरला, पण लावला नाही.

"घेऊ का?"

ताईने वर पाहिलं. त्याच्या भुवईत मातीचा कण होता. "विचारलंत ना," ती म्हणाली, "मग... एक श्वास थांबायचं असतं."

तो थांबला. एक श्वास, कदाचित दोन. मग त्याने तिचं बोट मुठीत घेतलं आणि रक्त थांबलं तरी सोडलं नाही. राजे तिकडे चिमणीला मोठ्यांदा सांगत होते, "विचारून घेतलंय. चालतं."

काचघराच्या टोकाला एक रोझमेरी होती, राजेंची. भली थोरली, ताठ, हात लावला की बोटांना टोचणारी. तिचं नाव राजेंनी 'ताई' ठेवलं होतं. तिची एक काडी आजवर कुणी कापली नव्हती, कारण राजे रोज सकाळी जाऊन विचारायचे आणि परत येऊन जाहीर करायचे, "ताई नाही म्हणाली." संस्थेच्या मॅडमनी सुरुवातीला डोक्याला हात लावला, मग नाद सोडला.

"ही नेहमीच नाही का म्हणते हो?" माळ्याने एकदा ताईला विचारलं.

"मला काय ठाऊक? मी थोडीच रोझमेरी आहे," असं म्हणून ताई भरभर पुढे गेली. पण ते तिला लागलं. नाही म्हणायची सवय रोझमेरीला कुणाकडून लागली, ते तिला चांगलं माहीत होतं.

आणि मग एके दिवशी ती आली तर माळी बाहेरच्या बाकावर बसलेला. रिकामे हात, कमरेला कात्री नाही. तिने त्याला रिकाम्या हाताने कधी पाहिलंच नव्हतं.

"वडील पडले," तो म्हणाला. "कमरेचं हाड गेलंय. आता अंथरुणातून उठून बसण्यापुरतंच उठतील, म्हणतात डॉक्टर. गावाकडे त्यांची रोपवाटिका आहे. ते एकटेच असतात, मी एकुलता एक."

ताई शेजारी बसली. मध्ये एक कुंडी मावेल एवढं अंतर ठेवून. "म्हणजे तुम्ही जाणार."

"जावं लागणार."

काचांवर पाऊस नव्हता, काहीच नव्हतं. आतून चिमणीच्या रबराचा टक् टक् आवाज तेवढा येत होता.

"तुमच्याकडे भाऊ, माझ्याकडे बाप," माळी म्हणाला. "देवाने वाटणी अगदी सारखी केलीय." मग जमिनीकडे बघत तो म्हणाला, "या ना. दोघंही या. तिथे रोपं आहेत, कात्र्या आहेत. राजेंना काम आहे. तुम्हाला... तुला..." पहिल्यांदाच तो 'तू'वर आला आणि आला तसा अडकला. "बरोबर घेऊ का तुला?"

काय सांगू, ताईला वाटलं आत्ता उठावं आणि तशीच पायात चपला सरकवून निघावं. पडद्यांचं दुकान, ती खोली, ती मांजरीची झोप, सगळं सोडून. तिच्या ओठांवर 'हो' आलेलंच होतं.

"राजेंना विचारते," ती म्हणाली.

पण विचारलं नाही तिने.

आता तिला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा, पण आधी तिच्या जागी उभं राहून बघा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला स्वतःसाठी काही हवं झालं होतं, आणि ते एका 'नाही'वर अडेल अशी तिला भीती होती. तिने स्वतःची समजूत घातली: आधी घेऊन तर जाऊ. जागा बघितली, रोपं बघितली, की राजे आपणच रमतील. मग विचारू. म्हणून ती राजेंना म्हणाली, "माळीदादांच्या गावाला जाऊ या का फिरायला? दोन दिवस."

फिरायला म्हटल्यावर राजे काय, एका पायावर तयार. बसमध्ये त्यांनी खिडकी पकडली, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना सलाम केले. मांडीवर चिमणीसाठी रिकामी बरणी, तिथली माती भरून आणायला.

रोपवाटिका छान होती. माळ्याचे वडील त्याहून छान. अंथरुणात उशांना टेकून बसलेले, हाडं मोडलेली पण जीभ शाबूत. त्यांनी राजेंना जवळ बसवून रोपांची नावं विचारली आणि राजेंनी न आठवलेली नावं ठोकून दिली. दोघं हसून हसून लाल झाले. ताई दारात उभी राहून बघत होती. माळी तिच्या मागे, एवढा जवळ की त्याच्या शर्टाचा मातीचा वास यावा. 'जमतंय,' तिला वाटलं. 'देवा, जमतंय हे.'

"मग काय राजे," म्हातारबाबा प्रेमाने म्हणाले, "आता कायमचं इथेच राहायचं ना माझ्याजवळ? मला सोबत झाली."

राजेंचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, नुसतं आतून विझलं. त्यांनी ताईकडे बघितलं.

"फिरायला ना?" त्यांनी विचारलं.

ताईने नजर जमिनीकडे वळवली.

"तू विचारलं नाहीस," राजे म्हणाले. ओरडले नाहीत, आदळआपट नाही. ते उठले, बूट घातले, पिशवी घेतली आणि फाटकाशी जाऊन बसले. पिशवी मांडीवर. अगदी आईनंतर बसायचे तसे.

संध्याकाळी जेवले नाहीत. माळी जाऊन बसला त्यांच्याजवळ, त्याच्याशीही बोलले नाहीत. "चिमणीच्या जुड्या राहिल्या," एवढंच एकदा म्हणाले. ताईने हात जोडले, रागावली, रडली. शेवटी "तुला कळत नाही का रे!" असं एकेरीतही बोलून गेली. एरवी तेवढ्यावर रणकंदन झालं असतं. राजेंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सकाळी ताई चहा ठेवत होती तेव्हा राजेंना फिट आली. मोठी. माळी आणि ताई दोघांनी मिळून कुशीवर वळवलं, धरून ठेवलं. राजे शांत झाल्यावरही ताई तशीच त्यांना धरून बसली, आणि माळी तसाच तिला.

"उद्याच परत जा," माळी म्हणाला. "माझीच चूक. मला वाटलं तू विचारलंस."

परत आल्यावर राजे त्याच दिवशी काचघरात गेले. बरणीत माती नव्हती, तरी त्यांनी ती चिमणीला दिली. चिमणीने ती उपडी करून बघितली, मग आपल्या मनगटावरचा रबर काढून राजेंच्या बोटात घातला. ताई दाराशी उभी होती. तिला ते सगळं आज पहिल्यांदा दिसलं. भावाला कुणीतरी आहे, हे ती गंमत म्हणून धरून चालली होती.

माळी वडिलांजवळ शेजाऱ्याला बसवून सामान आवरायला आला तेव्हा ताईने ठरवलं, आता रीतसर विचारायचं. त्याच्यासमोरच. ती राजेंपुढे बसली, त्यांच्या कोपराखाली हात धरला.

"राजे, माळीदादांकडे कायमचं राहायला जायचं आहे. तुम्हाला बरोबर... घेऊ का?"

राजेंनी एक श्वास घेतला. लांब. नाकातून शिट्टी वाजली. "नाही," ते म्हणाले. मग ताईला वाईट वाटेल म्हणून तिच्या गालाला हात लावला. "नाही, ताई. चिमणीने अजून सांगितलं नाही मला."

"बरं," ताई म्हणाली.

माळी रोझमेरीपाशी उभा होता. तो पुढे आला. त्याने तिच्या हाताखाली हात धरला, त्या जाळीच्या दिवशी धरला होता तसाच, न लावता.

"मला ठाऊक आहे तू काय म्हणशील," तो म्हणाला. "तरी पद्धत आहे. घेऊ का?"

तेवढ्यात राजेंनी काय करावं? तिचं मनगट उचललं, डोळे मिटले आणि कान लावला. रोपांना लावायचे तसा. सगळं काचघर थांबलं. मावशींची झारी टपटपत राहिली.

"हो म्हणतेय," राजेंनी जाहीर केलं. "जोरात म्हणतेय."

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "नाही," ती म्हणाली.

"हो म्हणतेय ती!" राजे चिडले. "माळीदादा, मी ऐकलं!"

"मीही ऐकलं, राजे," माळी म्हणाला. त्याने हात मागे घेतला. किती हळू घेतला तो हात!

बाहेर बाकावर दोघं शेवटचे बसले. आज मध्ये कुंडीएवढं अंतर नव्हतं.

"मी थांबेन," तो म्हणाला.

"नको रे." तिच्या तोंडून 'रे' गेलं आणि तिने ते परत घेतलं नाही. "कशाची वाट बघायची आपण? तुझे वडील जाण्याची, नाहीतर माझे राजे जाण्याची. असली वाट मला नाही बघायची. तुझे वडील खूप जगू देत. मला आवडले ते."

त्याने बाकावरची माती नखाने खरवडली. ते खरं होतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

"सुचलं का पण?" ताईने विचारलं. "ताई म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं ते?"

"सुचलं होतं," माळी म्हणाला. "तिकडे आलीस की सांगणार होतो."

ते तिने विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही.

तो गेला त्या दिवशी ताई मुद्दाम आली नाही. पडद्यांच्या दुकानात उभ्या पट्ट्यांचा एक लांबच लांब पडदा होता, तो तिने उलट्या बाजूने शिवला, उसवला, पुन्हा शिवला. मालकीणबाई म्हणाल्या, "बरं नाही का गं?" ती म्हणाली, "डोळ्यांत दोरा गेलाय."

संध्याकाळी राजेंना आणायला गेली तेव्हा काचघर तसंच होतं. झाऱ्या, ट्रे, ओला वास. खुंटीला माळ्याची कात्री टांगलेली होती, खाली चिठ्ठी वगैरे काही नाही. कात्री आता राजेंची, असं मॅडम म्हणाल्या. ताई मान खाली घालून टोकापर्यंत गेली आणि थबकली.

रोझमेरीची एक फांदी कापलेली होती. मधली, सगळ्यात सरळ वाढलेली. पेराच्या वर, नेमकी. काप अजून हिरवा होता.

"कुणी कापली ही?" तिचा आवाज इतका चढला की सगळे वळले. "कुणी हात लावला हिला?"

"मी," राजे म्हणाले. कमरेवर हात ठेवून. "विचारून."

"ती तर कध्धीच हो म्हणत नाही! तुम्हीच सांगता ना रोज?"

"आज म्हणाली." राजेंनी समजावून सांगितलं, अगदी नव्या माणसाला सांगतात तसं. "माळीदादा गाडीत बसत होते. मी पळत आलो. विचारलं, ताई, माळीदादांसाठी घेऊ का? हो म्हणाली. मग ओल्या कापसात गुंडाळली. ते मातीत लावणार. मोठी होणार."

"आणि... ते काय म्हणाले?"

राजेंनी आठवून बघितलं. "काही नाही. वास घेतला. मग खूप वेळ गाडी सुरूच झाली नाही त्यांची."

ताईने कापलेल्या जागेवर बोट ठेवलं. चिकट होती, वास बोटाला लागला. एवढी माणसं बघत होती, पण आता तिला पर्वा नव्हती. ती तिथेच, त्या ओल्या जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडली. आई गेली तेव्हा रडायची राहिली होती, तेही बहुधा त्यातच आलं.

कुणी गप्प बस म्हणालं नाही. मावशींनी खुर्ची ढकलत जवळ आणली आणि नुसत्या बसून राहिल्या. चिमणी आली. तिने ताईकडे नीट बघितलं, सुटत चाललेल्या जुडीकडे बघावं तसं. मग मनगटावरचा एक रबर काढून ताईच्या हातात चढवला आणि आपल्या कामाला निघून गेली.

"राजे," ताईने नाक पुसत विचारलं, "रोज नाही म्हणणारी आजच कशी हो म्हणाली?"

राजे विचारात पडले. त्यांना प्रश्नच कळला नसावा, किंवा फार सोपा वाटला असावा.

"रोज मी हॉटेलसाठी विचारायचो," ते म्हणाले.

बाहेर पावसाची चिन्हं होती. लोकांची जायची वेळ झाली, दिवे एकेक करून मालवले गेले. ताई उठली, कपड्यांची माती झटकली, खांद्यावरची पिशवी सावरली. तिच्यात सकाळचा न खाल्लेला डबा होता आणि माळ्याची परत करायची राहून गेलेली छत्री. पिशवी आज काही केल्या खांद्यावर राहीना.

राजे तिच्यासमोर येऊन उभे राहिले. बोटात रबर, कमरेला कात्री. त्यांनी पिशवीखाली हात धरला. लावला नाही.

"घेऊ का?" त्यांनी विचारलं.

ताईने एक श्वास घेतला, आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.